गुहेतली वटवाघळं गेली कुठे? आधी महिना सांगा

प्रश्न असा आला आहे. गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गुहा आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलं की तिन्हीसांजेला तिच्यातून निघणारी पाकोळ्यांची, म्हणजे लहान वटवाघळांची, रांग अर्धा तास संपायची नाही. यंदा दिवाळीत मुलांना दाखवायला नेलं, तर छताला जेमतेम वीस-पंचवीस लटकलेल्या. गावात कोणी म्हणतं टॉवरमुळे गेल्या, कोणी म्हणतं फवारणीमुळे. वटवाघळं खरंच संपत चालली आहेत का, आणि ते ओळखायचं कसं?

तुम्ही सांगितलेल्या दोन नोंदींवरून ती संपली असं म्हणता येत नाही. ती सुखरूप आहेत असंही म्हणता येत नाही. एक नोंद मेची आहे आणि दुसरी दिवाळीची, आणि घोटाळा तिथेच आहे. गुहेत राहणाऱ्या बहुतेक जातींचा मे महिन्यातला आकडा आणि कार्तिकातला आकडा यांची तुलनाच होत नाही. मधे वीस वर्षं गेली म्हणून आपल्याला ती घट वाटते, पण त्याच वर्षी मे आणि दिवाळी अशा दोन्ही वेळा गेला असतात तरी बहुधा असंच चित्र दिसलं असतं.

गुहा हे वटवाघळांचं कायमचं घर असतं, ही आपली समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. एकाच टोळीच्या वापरात तीन-चार किंवा त्याहून जास्त जागा असतात. एक बाळंतपणाची, एक थंडीची, एक नर वेगळे राहतात ती, आणि एखादी रात्री शिकारीच्या मधे टेकायची. कुठल्या महिन्यात कुठली जागा धरायची हे तापमान, ओलावा, भक्ष्य आणि विणीचा काळ यांवर ठरतं. त्यामुळे गुहेची पहिली ओळख करून घ्यायची ती तिच्या महिन्यांची. आकडा त्यानंतर.

महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण महाबळेश्वरजवळच्या रॉबर्स केव्हचं आहे. तिथे मिनिऑप्टेरस या जातीची फार मोठी वसाहत आहे. हे लहानसं, तपकिरी-काळसर, कीटक खाणारं वटवाघूळ. त्याच्या पंखातल्या तिसऱ्या बोटाचं शेवटचं हाड खूप लांब असतं आणि बसल्यावर ते आत दुमडलं जातं, त्यावरून ते ओळखू येतं. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९६०च्या आसपास अजिंठा, वेरूळ, कान्हेरी, घारापुरीपासून महाबळेश्वरपर्यंतच्या गुहा आणि लेणी पालथी घातली, आणि १९६२-६३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधून आपल्या भागातल्या वटवाघळांवर लेखमाला लिहिली. रॉबर्स केव्ह ही एका मोठ्या टापूतल्या मिनिऑप्टेरस माद्यांची बाळंतपणाची जागा आहे, हे त्यानेच नीट मांडलं. विणीच्या दिवसांत दूरदूरच्या गुहांमधल्या माद्या इथे गोळा होतात, पिल्लं उडती झाली की पांगतात. एकाच गुहेचा आकडा एकाच वर्षात हजारोंनी वरखाली होतो, आणि एकही वटवाघूळ मेलेलं नसतं.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. त्या टापूतल्या एखाद्या छोट्या लेण्यात कोणी वर्षभर नोंदी ठेवल्या, तर उन्हाळ्यात तिथल्या माद्या गायब झालेल्या दिसतील. महाबळेश्वरचा आकडा फुगतो तेव्हा बाकीच्या गुहांचा आटतो. एकेका गुहेची नोंद स्वतंत्रपणे वाचणारा माणूस एकीकडे स्फोट आणि दुसरीकडे विनाश पाहील. प्रत्यक्षात प्राणी तेच असतात.

माद्या एवढ्या संख्येने एका जागी का येतात, याचं उत्तर पिल्लांच्या अंगात आहे. नवं पिल्लू उघडं, गुलाबी, अंगाची ऊब राखता न येणारं असतं. मिनिऑप्टेरसच्या माद्या पिल्लांना आपल्या अंगाला लावून ठेवत नाहीत. छताच्या एका भागात सगळ्यांची पिल्लं एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवलेली असतात, आणि मोठी वटवाघळं त्यांच्यापासून वेगळी लटकतात. दुरून पाहिलं तर छताला गुलाबी लेप दिल्यासारखं दिसतं. जवळून पाहिलं की तो लेप हलतो. तळहाताएवढ्या जागेत डझनावारी पिल्लं, प्रत्येकाचे अंगठे आणि मागची नखं दगडात रुतलेली. हजारो जीवांची ऊब वरच्या घुमटीत साठते, गुहेच्या बाकीच्या भागापेक्षा तिथली हवा उबदार आणि दमट राहते, आणि पिल्लं भराभर वाढतात. हे थोड्या संख्येने जमत नाही. दोनशे माद्यांच्या टोळीला तेवढी ऊब तयार करता येत नाही. लहान झालेली वसाहत पुढे अजून वेगाने ढासळते, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

मिनिऑप्टेरसची पिल्लं साधारण मे-जूनच्या सुमारास येतात. पाऊस पडला की किडे बेसुमार वाढतात. आईला दूध पाजायचं असतं तो काळ, आणि पुढे पिल्लाला स्वतः शिकार शिकायची असते तो काळ, दोन्ही त्या सुगीत बसतात. पाऊस अंगावर घेत उडणं मात्र महागात पडतं, आणि महाबळेश्वरचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. सलग झोडपत राहिलं तर माद्या उशिरा निघतात, लवकर परततात, कधी निघतच नाहीत. त्या संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी उभं राहून मोजलं तर आकडा कोसळलेला दिसेल. प्राणी आतच असतात.

हे झालं एका जातीचं वेळापत्रक. आपल्या गुहांमध्ये सहसा एकापेक्षा जास्त जाती असतात आणि प्रत्येकीचं वेगळं चालतं. रुझेटस लेशेनॉल्टी हे गुहेत राहणारं फळखाऊ वटवाघूळ. मोठं, कुत्र्यासारख्या तोंडाचं, मोठ्या डोळ्यांचं. अंधारात वाट काढताना जिभेने टकटक आवाज काढतं, तो आपल्यालाही ऐकू येतो. नागपूरच्या विज्ञान संस्थेतले प्रा. ए. गोपाळकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक जातींच्या प्रजननावर जे मूलभूत काम केलं, त्यात या जातीची मादी वर्षातून दोनदा विते हे दिसून आलं. एकदा मार्चच्या सुमारास, दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टच्या आसपास. पहिलं पिल्लू अंगावर असतानाच दुसरा गर्भ राहतो. म्हणजे यांच्या गुहेत वर्षाला दोन भर असतात. त्यातच ती उंबर, वड, जांभूळ, पेरू यांच्या हंगामामागे फिरतात. खालच्या खोऱ्यात उंबर पिकला की गुहा आठवड्याभरात भरते, आणि तो संपला की तितक्याच चटकन ओसरते. रुझेटसची एखादी संख्या ऐकली की मी पहिल्यांदा विचारतो, तेव्हा जवळपास काय पिकलं होतं?

मराठवाडा-खानदेशच्या कोरड्या भागात उंदरासारखी लांब मोकळी शेपटी असलेलं ऱ्हायनोपोमा दिसतं. पावसाळ्यानंतर ते अंगात चरबी साठवतं, विशेषतः शरीराच्या मागच्या भागात, आणि थंडीत किडे कमी झाले की त्या चरबीवर भागवतं. त्या दिवसांत ते सुस्त असतं, फटींत घुसून बसतं आणि सहज दिसत नाही. आपल्याकडे युरोपसारखी सहा-सहा महिन्यांची शीतनिद्रा नसते, पण थंड रात्रींमध्ये शरीर थंड ठेवून काही तास किंवा काही दिवस काढणं अनेक जातींना जमतं. अशा वेळी काही टोळ्या गुहेच्या तोंडाकडून आत सरकतात, कारण आतलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. तुम्ही दिवाळीत टॉर्च घेऊन पहिल्या दालनापर्यंत गेला असाल आणि टोळी तिसऱ्या दालनात असेल, हेही शक्य आहे. तरी थंडीत त्यांना उठवायला आत जाऊ नका. उठवलेलं प्रत्येक वटवाघूळ साठवलेली चरबी जाळतं.

मेगाडर्मा हे मोठ्या कानांचं मांसाहारी वटवाघूळ अगदी लहान टोळ्यांनी राहतं. ते आहे की नाही हे कळायला छताकडे पाहायची गरज नाही, जमिनीकडे पाहा. त्याच्या बसायच्या जागेखाली बेडकाचे पाय, पालीची शेपटी, पतंगांचे पंख, चिमणीएवढ्या पक्ष्यांची पिसं, कधी उंदराची कवटी पडलेली असते. विणीच्या काळात यांचे नर-मादी बराच काळ वेगळे राहतात. आज जिथे दहा दिसले तिथे महिन्याभराने दोन दिसले तर लगेच घाबरू नये.

एवढं सगळं ऐकून असं वाटेल की मग घट झाली हे कधी सिद्धच होणार नाही. होतं, पण त्याला शिस्त लागते. तीच गुहा, तोच पंधरवडा, तीच पद्धत, आणि वर्षामागून वर्षं. इंग्लंडमध्ये वुडचेस्टर मॅन्शन या अर्धवट बांधलेल्या जुन्या वाड्यात मोठ्या नालनाक्या वटवाघळांची विणीची वसाहत आहे. रॉजर रॅन्सम यांनी १९५९पासून तिथल्या नोंदी ठेवल्या. वसंत ऋतू थंड गेला की पिल्लं उशिरा जन्मतात आणि उशिरा जन्मलेल्यांची तग धरण्याची शक्यता कमी होते, हे या नोंदींमुळेच ठामपणे सांगता आलं. एखाद्या वाईट वर्षाचा फटका पुढची कित्येक वर्षं आकड्यांत दिसत राहतो. पाच-सात वर्षांच्या नोंदींवर ही गोष्ट कळली नसती. आपल्याकडे सह्याद्रीतल्या एखाद्या गुहेची अशी सलग नोंद असती तर अवकाळी पावसाबद्दल आज आपण अंदाजाने बोलतो ते पुराव्याने बोलू शकलो असतो. माझ्या दृष्टीने या विषयातली आपली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

जुन्या आकड्यांवर किती विसंबायचं, याचा धडा अमेरिकेतून मिळतो. टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत ब्राझिलियन मुक्तपुच्छ वटवाघळांच्या प्रचंड वसाहती आहेत. मार्चच्या सुमारास ती मेक्सिकोकडून येतात, पिल्लं वाढवतात आणि थंडीआधी दक्षिणेला जातात. १९५७मध्ये डोळ्यांनी पाहून केलेल्या अंदाजांत अशा सहा मोठ्या गुहांमध्ये मिळून सुमारे ५ कोटी ४० लाख वटवाघळं धरली होती. पुढे उष्णता टिपणारे कॅमेरे आणि संगणकाच्या मदतीने मोजणी झाली, तेव्हा त्याच सहा गुहांमध्ये साधारण ४० लाख भरली. मोजणाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की जुना अंदाज फुगलेला होता की खरोखर एवढी भयंकर घट झाली, हे सांगता येत नाही. पन्नास वर्षांच्या अंतरावर दोन आकडे हातात आहेत, तरी उत्तर नाही, कारण पद्धत वेगळी होती. आपल्या गावांत 'पूर्वी लाखो होती' असं सांगितलं जातं तेव्हा मी ते खोटं मानत नाही. त्या आठवणीत महिना, वेळ आणि जागा शोधतो. 'आंब्याच्या दिवसांत, दिवेलागणीला, वरच्या तोंडातून' एवढं कळलं तरी ती आठवण नोंदीच्या जवळ जाते. तुमच्या प्रश्नात मे महिना आहे, तिन्हीसांज आहे आणि अर्धा तास आहे. एवढं सहसा कोणाला आठवत नाही, आणि ते फार कामाचं आहे.

खरी घट कशी दिसते हे पाहायचं तर कोलारकडे जावं लागतं. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात हिप्पोसिडेरोस हायपोफायलस हे नाकावर पानासारखी घडी असलेलं वटवाघूळ आहे. १९९४मध्ये डीटर कॉक आणि पुण्याच्या विषाणू संस्थेतले एच. आर. भट यांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. तेव्हा ते दोन गावांजवळच्या गुहांत होतं. आता फक्त हनुमानहळ्ळीच्या एका गुहेत उरलं आहे, आणि संख्या दोनशेच्या आत मानली जाते. आजूबाजूच्या ग्रॅनाइटच्या खाणी हे त्याच्या मागचं मोठं संकट होतं. जगात दुसरीकडे ते कुठेही सापडलेलं नाही. इथे ऋतूंचा प्रश्नच नाही. वर्षाच्या कुठल्याही महिन्यात पाहा, दुसरी गुहा रिकामीच आहे. अतिसंकटग्रस्त हा शिक्का त्याला मिळाला तो त्यामुळे.

आपल्या जवळचं दुसरं उदाहरण बारापेडे गुहेचं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडी-कृष्णापूरच्या जंगलात, गोव्याच्या म्हादई खोऱ्याला लागून ही गुहा आहे. आसपासच्या वाड्यांवर मराठी बोललं जातं. १९१३मध्ये ओल्डफिल्ड थॉमस यांनी इथल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाचं वर्णन करून त्याला रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव दिलं, आणि पुढे जवळजवळ सगळं विसावं शतक ते जगात फक्त याच गुहेतून माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत फार थोडी वटवाघळं आहेत, त्यातलं हे एक. २०११मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं आणि गुहेला चौफेर संरक्षण मिळालं. तिथे जाण्यावर निर्बंध आहेत म्हणून ट्रेकिंग करणाऱ्यांची कुरकुर असते. माझं मत स्पष्ट आहे: ते निर्बंध योग्य आहेत आणि ते सैल होऊ नयेत.

आता तुमच्या टॉवरकडे येतो. टॉवरला दोष देण्याआधी गुहेच्या आत आणि तोंडाशी काय बदललं ते तपासा. मी पाहिलेल्या बहुतेक ओस गुहांचं कारण तिथेच सापडलं. तोंडाशी नवं देऊळ झालं आणि रात्रभर दिवा जळतो. लेण्याच्या दाराला बारीक जाळी बसवली. खतासाठी ऐन मे महिन्यात आत फावडी चालली. पर्यटक वाढले, आत फटाके वाजवले, मोबाइलचे दिवे लावून रील काढले. शेकोटी केली, धूर आत कोंडला. लेण्यांचं जतन झालंच पाहिजे, वटवाघळांच्या विष्ठेने भित्तिचित्रांचं नुकसान होतं हे खरं आहे. पण बंद करायचंच असेल तर विणीचा काळ सोडून, आतली वटवाघळं बाहेर गेल्यावर, आणि शेजारी दुसरी जागा शाबूत आहे हे पाहून करता येतं. भर उन्हाळ्यात दार लावलं तर आत पिल्लं अडकतात.

विणीच्या काळातला त्रास सगळ्यात महाग का, हे एका कच्च्या हिशेबाने दाखवतो. समजा एका गुहेत १००० माद्या आहेत. कीटक खाणाऱ्या गुहावासी जातींमध्ये मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं. हजार पिल्लांपैकी निम्मी माद्या, म्हणजे ५००. त्यातली निम्मी पहिलं वर्ष काढतात असं धरलं तर २५० उरल्या. मोठ्या माद्यांपैकी वर्षाला २०० मरतात असं धरलं, तर वर्षाअखेर १०५०. वाढ पाच टक्के. आता एखाद्या मेमध्ये कोणी आत धुडगूस घातला, माद्या उठल्या, पिल्लं खाली पडली. खाली पडलेलं पिल्लू बहुधा वाचत नाही. जमिनीवरच्या खतात झुरळं, भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या वळवळत असतात आणि काही तासांत तिथे फार काही उरत नाही. त्या वर्षी २०० माद्या मेल्या आणि नव्या आल्या शून्य. उरल्या ८००. पाच टक्क्यांच्या चालीने पुन्हा हजारावर यायला जवळजवळ पाच वर्षं लागतील, आणि तेही मधे दुसरा धुडगूस झाला नाही तर. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येक जातीचे वेगळे असतात, पण चाल हीच असते. उंदरासारखी पिलावळ होत नाही, म्हणून वटवाघळांची घट हळूहळू भरून येते. एखादं वटवाघूळ वीस-तीस वर्षं जगू शकतं, रशियातल्या एका नोंदीत तर ४१ वर्षं. लहान अंगाचा पण लांब आयुष्याचा प्राणी आहे हा. या लांब आयुष्यामुळेच बिघाड उशिरा लक्षात येतो. पिल्लं दरवर्षी मरत असली तरी म्हाताऱ्या माद्या गुहेत येत राहतात आणि काही वर्षं सगळं ठीक चाललंय असं दिसतं.

भीतीनेही गुहा रिकाम्या होतात. मार्च २०२०मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. काहींमध्ये निपाह विषाणूचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या आणि २०२१मध्ये ती बातमी झाली. महाराष्ट्रात निपाहचा मानवी रुग्ण तेव्हा नोंदलेला नव्हता. तरी गुहांची तोंडं बुजवायची का, धूर करायचा का, असं विचारणारे फोन तेव्हा मला आले. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: हात लावू नका, आत जाऊ नका, अर्धवट खाल्लेली फळं खाऊ नका. हुसकावलेली टोळी नाहीशी होत नाही, ती चार ठिकाणी विखुरते, कधी घरांच्या जवळ येते. ऑस्ट्रेलियात वटवाघळांकडून घोड्यांमार्फत माणसांत येणाऱ्या हेंड्रा विषाणूच्या दीर्घ अभ्यासात अधिवास तुटलेली आणि उपाशी वटवाघळं माणसांच्या जवळ आल्यावर धोका वाढतो हेच दिसलं. गुहेत त्यांना त्यांच्या जागी राहू देणं आपल्याच आरोग्याच्या हिताचं आहे.

अमेरिकेतल्या पांढऱ्या नाकाच्या रोगाबद्दलही लोक विचारतात. २००६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत तो पहिल्यांदा दिसला आणि पुढे त्याने लाखो वटवाघळं मारली. तो बुरशीचा रोग आहे आणि ती बुरशी थंडीत, शीतनिद्रा घेणाऱ्या शरीरावर वाढते. सह्याद्रीतल्या उबदार गुहांमध्ये त्याची चिंता करण्यापेक्षा फावडं आणि फटाके यांची करावी.

आता तुमच्या गुहेत काय करायचं ते सांगतो.

आत न जाता सुरुवात करा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना आणि वटवाघळाचं खत शेतात नेणाऱ्यांना विचारा. खत नेणाऱ्याला ते कुठल्या महिन्यात जास्त पडतं आणि कुठल्या कोपऱ्यात, हे नेमकं माहीत असतं. अलीकडे खत कमी मिळतं का, हाही त्यांनाच विचारायचा प्रश्न. माझ्या अनुभवात संख्या घटल्याची पहिली खबर बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येते.

मग मोजणी. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे तुमच्या आठवणीतल्याच दिवसांत, लागोपाठ दोन संध्याकाळी गुहेच्या तोंडाच्या बाजूला बसा. समोर नको, उडायच्या वाटेत तर मुळीच नको. पाठीमागे आकाशाचा उजेड राहील अशी जागा निवडा, म्हणजे काळ्या आकृत्या स्पष्ट दिसतात. सूर्यास्ताच्या पंधरा-वीस मिनिटं आधी शांत बसायचं. सुरुवातीला काही वटवाघळं तोंडापर्यंत येऊन घिरट्या घालतात आणि आत वळतात, उजेडाचा अंदाज घेत असतात. ती मोजायची नाहीत. बाहेर पडलेलं मोजायचं आणि परत आत गेलेलं वजा करायचं. दोघांनी दोन टॅली काउंटर (बटण दाबून मोजायची छोटी यंत्रं) घ्यावेत, एकाने बाहेर जाणारी आणि दुसऱ्याने परत येणारी मोजावीत. दर पाच मिनिटांनी आकडा वहीत उतरवायचा. रांग फार दाट असेल तर एकेक मोजायचा हट्ट करू नका. दर मिनिटाला दहा सेकंद मोजा आणि सहाने गुणा, पण पुढच्या वर्षीही नेमकं तसंच करा. अंधारात टिपणारा कॅमेरा मिळाला तर उत्तम, घरी सावकाश मोजता येतं. मोबाइलचा फ्लॅश नको. वहीत तारीख, सूर्यास्ताची वेळ, पहिलं आणि शेवटचं वटवाघूळ किती वाजता निघालं, पाऊस, वारा, चंद्र, आणि आसपास काय फुललंय-पिकलंय हे लिहा. जास्त पावसात मोजू नका, दुसरा दिवस घ्या.

मे ते जुलै गुहेत पाऊल टाकू नका. पिल्लं उडती झाली की, साधारण सप्टेंबरनंतर, भर दुपार टाळून दोघांनीच जा, नाकातोंडावर चांगला मास्क बांधून, कारण खताच्या सुक्या धुळीत फुप्फुसांना अपाय करणारी बुरशी असू शकते. टॉर्चला लाल कागद लावा. बोलणं नको. छतावर काळपट, तेलकट, गुळगुळीत झालेले डाग शोधा. पिढ्यान्‌पिढ्या वटवाघळं जिथे लटकली तिथे दगड असा होतो आणि गुहा रिकामी असली तरी तो तसाच राहतो. त्या डागांखाली खत आहे का, ओलं आहे की कोरडं, ते पाहा. ताज्या लेंड्या काळसर असतात, बोटांत चुरल्या की किड्यांच्या कवचांची चमक दिसते. हातमोजे घालून पाहा. डाग मोठा आणि खाली यंदाचं खत भरपूर असेल, तर तुमची टोळी फक्त हंगामानुसार गेली आहे. डाग मोठा पण खताचा वरचा थर जुना, धूळ बसलेला, त्यावर जाळी आणि बुरशी, तर दोन-तीन वर्षांत तिथे कोणी वीण केलेली नाही. दोन्हींच्या मधलं काही दिसलं तर, म्हणजे मोठ्या डागाच्या फक्त मधल्या भागाखाली ताजं खत असेल, तर वसाहत लहान होत चालली आहे. मला सगळ्यात जास्त काळजी याच चित्राची वाटते, कारण आतली ऊब कमी होत जाते आणि घसरण वेग घेते.

तोंडाशी नवा दिवा, जाळी, देऊळ, पायवाट, शेकोटीच्या खुणा काय आहेत त्याचे फोटो काढा, आत नाही. आसपासच्या तीन-चार कोसांत दुसऱ्या गुहा, जुनी भुयारं, गडावरची कोरडी टाकी, वापरात नसलेल्या विहिरी कुठे आहेत याची यादी करा. दिवाळीत तुमच्या गुहेत नसलेली वटवाघळं तिथे असतील. महिन्यातून एकदा, ठरलेल्या आठवड्यात, अशा दोन-तीन जागांच्या तोंडाशी नुसतं बसून मोजलं, तरी वर्षभरात तुमच्या टापूचं वेळापत्रक हातात येईल. गावातल्या शाळेतली दोन मोठी मुलं आणि एखादे शिक्षक यांना घेतलं तर नोंद तुमच्यावर अडून राहणार नाही. मुलांना आत नेऊ नका, बाहेरून मोजणं त्यांना उत्तम जमतं.

गुहा वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनरक्षकाला आधी सांगा, पुरातत्त्व खात्याकडे असेल तर तिथल्या पहारेकऱ्याला. जमलेली वही जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला आणि वनखात्याला दाखवा. गुहेचा नेमका पत्ता आणि फोटो मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका.

येत्या मेमध्ये रांग पुन्हा अर्धा तास चालली, तर मला कळवा, मोजलेले आकडे आणि वेळांसकट. नाही चालली, तर जूनमध्ये आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उघडीप पाहून, अजून एकेकदा बसा. तरीही तोंडातून चारदोनच निघाली, तर मग फवारणी, खाण, दिवे आणि हो, टॉवरसुद्धा, एकेक करून तपासायला मी तुमच्याबरोबर येईन.